सत्यप्रतीत नसलेली ओळ

आमच्या कचेरीतला कॉम्प्युटर मंगळवारी सकाळी उठला नाही, आणि दुपारच्या चहापर्यंत सगळ्या कचेरीनं एकमतानं ठरवून टाकलं की दोष कॉम्प्युटरचाच. सरकारी कचेरीत इतक्या झटपट एकमत झालेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

ही गोष्ट सत्तर ते ऐंशीच्या मधली. कॉम्प्युटर म्हणजे काय हे तेव्हा नागपुरात फारसं कोणाला ठाऊक नव्हतं. आमच्या साहेबांना त्याहूनही कमी ठाऊक होतं, पण दारावर पाटी त्यांच्या नावाची होती. सिव्हिल लाईन्समधल्या आमच्या कचेरीत जिल्ह्याजिल्ह्यातून पीकपाहणीचे फॉर्म यायचे. कुठल्या गावात धान किती, कपाशी किती, पाऊस किती पडला. ते सगळं आम्ही सहा बाया कार्डांवर भोकं पाडून लिहायचो. त्याला पंचिंग म्हणत. भोकं पाडलेली कार्डं एका खिडकीतून आत सरकवायची आणि आतला कॉम्प्युटर ती वाचायचा. आम्हाला आत जायची मनाई. का, तर आमच्या पायांची धूळ मशीनला सोसत नाही. साहेबांच्या पायांना धूळ लागत नसे बहुतेक.

आम्ही सहाही जणी टेंपररी. तीन महिन्यांची ऑर्डर मिळायची, ती संपली की दोन-चार दिवस घरी बसवायचे आणि मग नवी द्यायचे, म्हणजे आपण कायम झालो असा भ्रम आम्हाला होऊ नये. त्या वेळची ऑर्डर शनिवारी संपत होती. आणि मंगळवारी दुपारीच आस्थापनेचा कारकून आमच्या खोलीत येऊन, टेबलाला टेकून, अगदी मायेनं म्हणाला, "मशीन बंद, तर पंचिंग बंद. पंचिंग बंद, तर ऑर्डर कायची?"

माझ्या शेजारी एक महाल भागातली मैत्रीण बसायची, जिभेची तिखट. ती म्हणाली, "मंग तुमी कोनतं मशीन चालवता गा? तुमची खुर्ची काहून भरली हाय?"

कारकून हसला. कायम माणसाला हसायला काय जातं!

मला मात्र हसू आलं नाही. घरी सासूबाईंनी माझ्या नोकरीला पहिल्या दिवसापासून 'उन्हाळी काम' असं नाव ठेवलं होतं. पापडासारखं, चार दिवस करायचं आणि डब्याचं झाकण लावायचं. मला त्या नोकरीत आता दोन वर्षं होत आली होती, आणि खरं सांगते, मला त्या खुर्चीची चटक लागली होती. तिथे बसलं की दिवसाचे सात तास मला कोणी हाक मारून पाणी मागत नव्हतं. हे सुख ज्या बाईनं एकदा चाखलं ती ते सुखासुखी सोडायची नाही. मला ती खुर्ची हवी होती, बस. आणि शनिवार चार दिवसांवर आला होता.

आता मशीन 'उठणं' म्हणजे काय ते सांगते. मी काही शिकलेली नाही त्यातलं, खिडकीतून पाहून पाहून जेवढं कळलं तेवढंच. दोन गोदरेज कपाटं जोडावीत एवढी ती पेटी. तिच्या छातीवर एका ओळीत सोळा बटणं, वर-खाली करायची. एरवी सकाळी एक खटका दाबला की तो जागा व्हायचा. आतली, सगळी माहिती साठवणारी तबकडी घरघरायची, आणि बाजूचा टाइपरायटर आपल्या आपण खडखडून कागदावर छापायचा की मी तयार आहे, कामाला लावा. पण विजेनं मोठा हेलकावा खाल्ला की त्याचं डोकं कधीकधी पार कोरं व्हायचं. तबकडी कुठे आहे, तिच्यावरचं वाचायचं कसं, एवढंही त्याला आठवायचं नाही. मग त्याला हातानं शिकवावं लागायचं. सोळा बटणं सांगितल्याबरहुकूम वर-खाली करायची आणि 'भरा'चा खटका दाबायचा, ही झाली एक ओळ. अशा ओळींवर ओळी. सगळ्या बरोबर गेल्या की त्याला तबकडी आठवायची. एक चुकली की हा आपला मौनात.

त्या सोमवारी संध्याकाळी वीज तीनदा गेली आणि तीनदा आली. मंगळवारी डोकं कोरं.

त्या ओळी एका कागदावर लिहिलेल्या होत्या. मशीन बसवायला आलेल्या इंजिनिअरनं तो कागद आधीच्या ऑपरेटरला दिला होता. तो ऑपरेटर पुढे चंद्रपूरला बदलून गेला. जाताना त्यानं रीतसर चार्ज दिला: टेबल एक, पंखा एक, कॉम्प्युटर एक, कागद एक. साहेबांना तो कागद फार महत्त्वाचा वाटला, म्हणून त्यांनी तो रेकॉर्ड रूममध्ये बस्त्यात बांधून ठेवला, म्हणजे तो कोणाच्याही हाती लागणार नाही याची पक्की सोय झाली. कामापुरती टायपिस्टकडून प्रत काढली. साहेबांनी तिच्यावर सही केली, गोल शिक्का मारला, वर 'सत्यप्रत' लिहिलं आणि ती काचेच्या चौकटीत घालून मशीनशेजारी टांगली. देवाच्या फोटोला हार असतो, हिला नव्हता, एवढाच फरक.

नवा ऑपरेटर दिल्लीला दीड महिना ट्रेनिंग करून आलेला. दिल्ली त्याच्या बोलण्यातून अजून गेली नव्हती. त्यानं मंगळवारी पहिल्यांदाच त्या प्रतीवरून सगळ्या ओळी भरल्या. मशीन गप्प. पुन्हा भरल्या. गप्प. बुधवारी दिवसभर भरल्या. गुरुवारी सकाळी मुंबईहून कंपनीचा इंजिनिअर आला, मोठी चामड्याची बॅग घेऊन. त्याच्या पुस्तकात दुसऱ्या जातीच्या तबकडीच्या ओळी होत्या, आमची तबकडी वेगळी. म्हणून त्यानं आधी तेच विचारलं, "ही तुमच्याकडची यादी बरोबर आहे ना?"

साहेब पुण्याकडचे. ते म्हणाले, "अहो, सत्यप्रत आहे!" एखाद्यानं त्यांच्या कुळाबद्दल विचारल्यासारखं.

झालं. यादी बरोबर ठरली म्हणजे मशीन चूक ठरलं. इंजिनिअरनं पेटी उघडली, आतल्या सर्किटच्या पाट्या काढल्या, फुंकल्या, परत बसवल्या. संध्याकाळपर्यंत निदान झालं: मेमरीची पाटी गेली. विदेशातून मागवावी लागेल, तीन महिने, चार महिने, सांगता येत नाही. साहेबांचा चेहरा काही फार पडला नाही. कारण मशीन मेलं तरी त्याच्या खोलीचा ए.सी. बंद करायचा नव्हता, त्याच्या प्रकृतीसाठी. आणि महिना मे. बाहेर आमच्या कूलरमधून गरम वाफा येत होत्या आणि आत पूर्ण अधिकारी वर्ग एका पेटीच्या देखरेखीला बसला होता. शोकसभा इतकी गारेगार असेल तर ती लवकर का उठावी?

चंद्रपूरच्या ऑपरेटरला विचारावं असं कोणाला सुचलं नाही म्हणता येणार नाही. सुचलं होतं. तो घरच्या लग्नासाठी रजेवर, गावात फोन नाही. तार केली होती. तार पोचेपर्यंत नवरी सासरी पोचली असती.

गुरुवारीच दुपारी मी खिडकीशी कोरी कार्डं घेऊन उभी होते. काम नव्हतं, पण रिकामी बसलेली दिसले तर कारकुनाला आनंद झाला असता. आत इंजिनिअर बटणांपाशी, आणि ऑपरेटर चौकटीतून वाचून दाखवत होता: "वर, खाली, खाली, वर..." मी ऐकत होते आणि मधेच माझ्या बोटांना ठेच लागली. कानाला नाही हो, बोटांना. पुढच्या वेळी त्यानं वाचलं तेव्हा मी ओळी मोजल्या. तेरा.

माझ्या बोटांना चौदा माहीत होत्या.

हे कसं, ते सांगते. मशीन नवं बसलं तो हिवाळा होता. पहिले दोन आठवडे ते रोज सकाळी रुसायचं आणि आधीचा ऑपरेटर रोज सगळ्या ओळी मोठ्यानं म्हणत भरायचा. आम्हाला अजून काम सुरू झालं नव्हतं, म्हणून आम्ही खिडकीजवळच्या उन्हात विणकाम घेऊन बसायचो. माझे हे कोराडीला कामाला, पहाटेची बस, म्हणून मी त्यांच्यासाठी मफलर घेतला होता. आता विणणाऱ्या बाईच्या कानावर रोज 'वर, वर, खाली' पडत असेल तर तिच्या सुया काय करतील? वर म्हटलं की सुलट टाका, खाली म्हटलं की उलट. मी गंमत म्हणून मफलरच्या एका टोकाला तीच नक्षी उतरवली. सोळा टाके, रुंदीला पुरावे म्हणून तेच दोनदा, आणि अशा चौदा ओळी. नक्षी इतकी भयंकर झाली की नणंदेनं विचारलं, ही कुठली वीण वं? मी म्हटलं, विदेशी. तिनं लगेच उतरवून मागितली.

मी मैत्रिणीला सांगितलं, "एक ओळ कमी आहे."

ती म्हणाली, "मुकाट्यानं बस वं. साहेबाच्या सहीत ओळ कमी काढशील, त तुले दारातून नाही, खिडकीतून काढतील."

"शनिवारी तसंही काढणारच आहेत."

ती म्हणाली, "हौ, हे बी खरं. मंग काढ."

घरी येऊन मी ट्रंक उघडली. डांबराच्या गोळ्यांचा वास सगळ्या घरभर. सासूबाई पदरानं वारा घेत दारात आल्या. "काहून वं, मे महिन्यात मफलर काढून राहिली? डोकं तं ठिकानावर हाय न?"

"कचेरीत लागतो," मी म्हटलं.

"हौ, मशीनले थंडी वाजून राहिली असन," त्या म्हणाल्या. ए.सी.चं त्यांना माहीत नव्हतं, नाहीतर त्या किती खरं बोलल्या हे त्यांना कळलं असतं.

मी ओळी मोजल्या. चौदा. दोनदा मोजल्या.

शुक्रवारी सकाळी मी खिडकीतून ऑपरेटरला सांगितलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मफलरकडे पाहिलं. "बाई, मी दिल्लीला ट्रेनिंग घेतलं आहे."

"मग दिल्लीत चौदा शिकवल्या का तेरा?"

तो म्हणाला, हे साहेबांना विचारा. कचेरीत याचा अर्थ 'नाही' असा असतो. पण मला उत्तराची घाई होती, म्हणून मी खरंच साहेबांकडे गेले.

वाटेत एवढं मात्र डोक्यात पक्कं केलं होतं की प्रत चुकली हा शब्द तोंडातून काढायचा नाही. प्रत चुकली म्हणजे सही चुकली, सही चुकली म्हणजे साहेब चुकले, आणि साहेब चुकले म्हणजे मशीन तीन महिने बंद ठेवणं सगळ्यांनाच सोयीचं. म्हणून मी म्हटलं, "साहेब, प्रत अगदी बरोबर आहे. तिच्यात काहीच कमी नाही. पण मशीनला जुनी सवय आहे. जुना ऑपरेटर त्याला एक ओळ जास्त द्यायचा. लाडावून ठेवलेलं आहे ते."

साहेबांनी चष्मा काढला. "लाडावून?"

"हो. आता पाटी येईपर्यंत तसंही रिकामंच आहे. एकदा लाड करून पाहावेत. लेखी काही नको."

लेखी नको म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. "तोंडी परवानगी," ते म्हणाले. "पण तुम्ही आत यायचं नाही. बाहेरून सांगा."

तर अशी ती वरात. खिडकीबाहेर मी, अंगाची लाही होत असताना दोन्ही हातांत लोकरीचा मफलर धरून. काचेआड गारव्यात इंजिनिअर, ऑपरेटर, साहेब. माझ्यामागे पाचही पंचिंगवाल्या. इंजिनिअरला मी विचारलं, मशीनवर काही बिघडेल का? तो मुंबईचा, भला माणूस. म्हणाला, "ताई, मेलेल्याचं काय बिघडणार? वाचा तुम्ही."

मी वाचू लागले. "सुलट, सुलट, उलट..." "वर-खाली म्हणा हो!" ऑपरेटर ओरडला. मग वर-खाली म्हटलं. चौदा ओळी झाल्या. इंजिनिअरनं खटका दाबला. दिवे लागले, लुकलुकले, थांबले. तबकडी गप्प.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. ऑपरेटर म्हणाला, "लोकरीवर विश्वास ठेवून चालत नाही." दीड महिना ट्रेनिंग झालेला माणूस, त्याला सगळ्या धाग्यांचा अनुभव.

माझ्या डोळ्यांपुढे रिकामी खुर्ची आली. मागून मैत्रीण पुटपुटली, "अवं, तू एकाच बाजूनं वाचून राहिली न."

आणि माझी ट्यूब पेटली. मफलर विणताना प्रत्येक ओळीनंतर काम फिरवावं लागतं. एक ओळ पुढून विणली जाते, दुसरी मागून. आणि पुढून जो टाका सुलट, तो मागून उलट दिसतो. मी चौदाही ओळी पुढूनच वाचल्या होत्या, म्हणजे एकाआड एक ओळ नेमकी उफराटी सांगितली होती. हे आमच्यातल्या कुठल्याही बाईला कळलं असतं. काचेआडच्या तिघांना मी समजावून सांगितलं तर इंजिनिअर हसला, ऑपरेटर छताकडे पाहू लागला, आणि साहेब म्हणाले, "म्हणजे ह्या दस्तऐवजाला दोन बाजू आहेत?"

"हो साहेब."

"मग दोन्ही बाजू पाहाव्या लागतील," ते गंभीरपणे म्हणाले. पंचवीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी दिलेला हा सर्वांत उपयोगी आदेश असावा.

पुन्हा सुरुवात. एक ओळ वाचायची, मफलर फिरवायचा, दुसरी वाचायची, परत फिरवायचा. घामानं लोकर हाताला चिकटत होती. मैत्रीण एकेका टाक्यावर बोट ठेवत होती, म्हणजे माझी नजर सुटू नये. या वेळी ऑपरेटर प्रतीशी ताडून पाहत होता; दहावी ओळ आली तेव्हा तो चौकटीत शोधू लागला. "ही नाही इथे."

"म्हणूनच तर तुमी इथे मंगळवारपासून हाय," मैत्रीण म्हणाली.

चौदावी झाली. इंजिनिअरनं खटका दाबला. दिवे लागले, पळाले, पुन्हा पळाले. मग आत काहीतरी खोकलं, आणि तबकडी घरघरली. टाइपरायटर एकदम खडखडला तशी साहेबांनी दचकून खुर्ची मागे सारली. आम्ही सहा जणींनी खिडकीबाहेर असा गलका केला की जिन्यावरचा चपराशी धावत वर आला. त्याला वाटलं, कुणाला उन्हाची लू लागली.

इंजिनिअरनं अहवालात काय लिहावं? त्यानं लिहिलं, 'दोष दूर केला'. कोणी केला ते अध्याहृतच ठेवलं. त्याची संध्याकाळची गाडी होती.

दुपारी साहेबांनी रेकॉर्ड रूममधून मूळ कागद मागवला. तीन अर्ज आणि एक शिडी लागली. कागदावर तेरा ओळी टाइप केलेल्या, आणि नवव्या-दहाव्याच्या मध्ये, समासात, पेनानं लिहिलेली एक ओळ. मशीन बसवताना इंजिनिअरनं सांगितलेली आणि आधीच्या ऑपरेटरनं घातलेली. टायपिस्टला बोलावलं. तो वीस वर्षांचा मुरलेला, ताठ उभा राहून म्हणाला, "साहेब, पेनानं केलेली दुरुस्ती. तिच्यापुढे कोनाची लघुस्वाक्षरी नाही. विनासहीची खाडाखोड प्रतीत घेता येत नाही. नियम हाय."

आणि बाप्पा, तो चुकला नव्हता! नियमानं तो बरोबर, सहीनं साहेब बरोबर, ट्रेनिंगनं ऑपरेटर बरोबर. इतके सगळे बरोबर असताना मशीन उठणार तरी कसं? शेवटी दोष चंद्रपूरला निघाला. जुन्या ऑपरेटरला मेमो गेला, की समासातल्या ओळीपुढे आपण लघुस्वाक्षरी का केली नाही. लग्नाहून आल्यावर तो बिचारा बसनं नागपूरला आला, समासात दोन अक्षरं काढली, आमच्याकडे चहा प्यायला आणि परत गेला. मग नवी प्रत टाइप झाली, चौदा ओळींची. नवी सही, नवा शिक्का.

पण ते नंतर. शनिवारी संध्याकाळी आमची ऑर्डर संपली ती संपलीच. मशीन सुरू होतं, आठवड्याचे फॉर्म टेबलाच्या उंचीला लागले होते, तरी कारकून म्हणाला, "खंड द्यावाच लागतो." जाताना मी त्याला विचारलं, नवी येईल न? तो म्हणाला, पाहू. त्या 'पाहू'नं माझा रविवार खाल्ला, सोमवार खाल्ला आणि मंगळवारचं अर्धं जेवण.

सासूबाईंनी मात्र रविवारीच कुरडयांसाठी गहू भिजत घातले. दहा पायली. म्हणाल्या, "आता घरीच हायेस तं यंदा जास्त करून टाकू."

बुधवारी सकाळी मी अंगणात बसून भिजलेले गहू वाटत होते, कोपरापर्यंत हात चिकात, तेव्हा कचेरीचा चपराशी सायकलवरून उतरला. सहाही जणींच्या ऑर्डरी त्याच्या पिशवीत. मला हात पुसायलाही धीर निघेना, म्हणून त्यालाच वाचायला लावलं. तीन महिने. आजपासून.

"आजपासून म्हणजे आत्ता?" मी विचारलं.

"अकरापर्यंत पोचा, म्हने साहेब. फॉर्म लय साचले. रामटेकचंच एक पोतं हाय."

सासूबाईंनी गव्हानं भरलेल्या गंजाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी उठले, हात धुतले, पातळ बदललं. दारातून निघताना मागून त्यांचा आवाज आला, "आन् हे दहा पायल्या कोन वाटन वं?"

मी म्हटलं, "संध्याकाळी येते न." आणि खरंच आले. त्यानंतर चार दिवस रोज पहाटे आणि रोज संध्याकाळी चीक ढवळला, कुरडया घातल्या, हात मोडून आले. पण मधले सात तास मी खुर्चीवर होते, रामटेकचं धान भोकाभोकानं कार्डावर उतरवत, आणि तिथे मला कोणी पाणी मागत नव्हतं.